शेवटच्या खाटेवरचं नाव

सिस्टर, तुम्ही गेलात त्याला आज तिसरा रविवार.

आपल्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, हे मला तुम्हीच पुन्हा पुन्हा बजावलंत. "गेला तो प्रभूच्या हातात. आपली ड्यूटी संपली," असं म्हणायचात आणि साडीला टाचलेलं ते उलटं घड्याळ बघायचात. पण मग मी काय करू? अकरा वर्षं रोज सकाळी कणीक मळताना तुमचं नाव घ्यायची सवय लागलीय. तुमची शुगर, तुमचा डावा डोळा, भाचीचं लग्न. आता परातीत पाणी ओतलं की तोंड आपसूक उघडतं आणि तसंच उघडं राहतं. म्हणून हे लिहितेय. ही प्रार्थना नाही, रागावू नका. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती सांगतेय.

आपल्या रविवारच्या मंडळीतला रोहन म्हणाला, "ताई, तुम्ही वहीत लिहा, मी टाइप करून सगळ्यांना देतो. शुद्धलेखन बघेन, वाक्यं नाही हलवणार." तेव्हा यात जे वाकडंतिकडं असेल ते माझं.

ज्यांनी आपला राउंड कधी पाहिला नाही, त्यांना आधी तो सांगायला हवा. नाहीतर माझी चूक त्यांना कळायचीच नाही.

दर रविवारी चार वाजता, इथे या कन्नड मुलखातल्या शहरात, जयनगरात तुमच्या घरी आपण आठ-दहा मराठी माणसं जमायचो. गीत, शास्त्रपाठ, आणि चहाच्या आधी देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना. ती काय, सगळ्याच चर्चमध्ये असते. आमच्या गावी, जालन्याकडे, पाळकसाहेब एका दमात म्हणायचे, "आमच्या पुढाऱ्यांना सद्बुद्धी दे," आणि तेवढ्यात माझं मन घरी जाऊन चुलीवरची डाळ बघून परत यायचं. तुमच्याकडे आल्यावर पहिल्याच रविवारी, मलाही प्रार्थना येते हे दाखवायला, मी तेच वाक्य म्हटलं. तुम्ही मध्येच डोळे उघडलेत.

"काय मागितलंस? सद्बुद्धी? म्हणजे आत्ता त्याच्याकडे नाही, असं देवाला सांगतेस? ही चुगली झाली, सुवार्ते. इथं चुगली चालत नाही."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आणि तुम्ही सगळ्यांना उठवलंत. "उभे राहा. राउंडला बसून जात नाहीत."

चाळीस वर्षं तुम्ही वॉर्डात काढलीत. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला खाटेखाटेवर नेऊन पेशंट दाखवते, तसा तुम्ही आख्खा देश आम्हाला दाखवायचात. पहिल्या खाटेवर राष्ट्रपती. मग पंतप्रधान, मग मुख्यमंत्री, मग विरोधी पक्षाचे, मग आमदार, असं करत करत शेवटच्या खाटेपर्यंत. प्रत्येकाचं नाव घ्यायचं. नुसतं 'मुख्यमंत्री' म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. आणि एकच गोष्ट मागायची, तीही शरीराची नाहीतर घरची. झोप, पचन, बायकोची तब्येत. "केसपेपरवर शिव्या लिहीत नाहीत आणि आरतीही लिहीत नाहीत," असं म्हणायचात. सगळ्यात अवघड म्हणजे, ज्याचा ज्याच्यावर राग, त्याला तीच खाट. "ज्या पेशंटनं ताट फेकलं, त्याला दुसऱ्या नर्सच्या गळ्यात घालायचं नाही."

रोहन पुण्याहून नवीन आला होता, महादेवपुऱ्यात कंपनीत. तो आला तेव्हा निवडणुका चालू होत्या. कोणत्या पुढाऱ्याचं नाव घेतलं की त्याचे कान लाल होतात हे तुम्ही पाच मिनिटांत हेरलंत. "ही खाट तुझी. रोज चार सभा घेतोय बिचारा, घसा बसलाय. घशासाठी माग."

"सिस्टर, देशाच्या दृष्टीनं बसलेलाच बरा आहे तो!"

दावीदअण्णा बेळगावकडचे, कधी न हसणारे, ते भिंतीला हात टेकून हसले. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "झालं हसून? आता माग." आणि रोहननं मागितलं. आधी दातओठ खाऊन, मग जरा बऱ्या आवाजात. त्यानंतर दर रविवारी तो कुरकुरत का होईना, आधी त्या माणसाचा घसा कसा आहे हे मोबाईलवर ऐकून यायचा. तुम्ही हे असं कसं करायचात, मला अजून कळलेलं नाही.

मी मात्र भित्री. पुढाऱ्यांची नावं मोठ्यानं घेतली की मला रस्त्यावरून जाणाऱ्यांची भीती वाटायची. दिवस कसे आहेत. कोण काय ऐकेल, काय समजेल.

"सिस्टर, खिडकी लावू का?"

"कशाला? गुडघेदुखी बरी होऊ दे म्हणून मागतोय. कुणाला ऐकायचं असेल तर ऐकू दे, त्याचेही दुखत असतील."

गुडघ्यांचं नाव निघालंच आहे, तर आता मुद्द्यावर येते.

शेवटची खाट ज्याच्या त्याच्या भागातल्या साहेबाची असायची. माझी होती पाण्याच्या ऑफिसातल्या इंजिनिअरची. सर्जापूर रोडला मी ज्या चार फ्लॅटांत पोळ्या करते तिथे टँकर येतात; त्याच्या मागे आमच्या पत्र्याच्या खोल्या, तिथे तीन दिवसांनी तासभर नळ. मी तुमच्यापुढे रडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाव आण त्याचं."

नावांची यादी तुम्ही माझ्याकडेच दिली होतीत. कोण बदललं, कोण नवीन आलं, ते मी बघून यायचं. मी म्हटलं होतं, "मी सातवी शिकलेली." तुम्ही म्हणालात, "नावं वाचायला सातवी खूप झाली." सिस्टर, त्या दिवशी बसमध्ये मला बसायला जागा होती तरी मी उभी राहून घरी आले. माझ्यावर कुणी असं काही सोपवलंच नव्हतं कधी.

तर मी पाण्याच्या ऑफिसात गेले. आत जायला धीर होईना. दारातून एक मोठा लाकडी फळा दिसत होता, आजवरच्या साहेबांच्या नावांचा, रंगानं लिहिलेला, सगळा कन्नडमध्ये. बाहेर चहावाला होता. त्याला म्हटलं, "अण्णा, शेवटचं नाव वाचा जरा." त्यानं वाचलं, "नंजुंडय्या." मी तळहातावर पेनानं लिहून घेतलं आणि दोन बस बदलून थेट तुमच्याकडे आले.

तुम्ही विचारलंत, "काय दुखतंय त्याचं?"

मी तर त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. पण यादी माझ्याकडे होती, सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघे."

दीड वर्ष, सिस्टर. दीड वर्ष आपण नंजुंडय्याच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. दावीदअण्णांनी तर एकदा लसणीच्या तेलाचा उपाय सांगितला, त्याला कळवायला. तुम्ही दर रविवारी विचारायचात, "कमी आहे का गं त्याला?" आणि मी म्हणायचे, "आहे तसंच."

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे नऊ दिवस पाणी आलं नाही. एका गुरुवारी आम्ही तीस-पस्तीस बायका घागरी घेऊन त्या ऑफिसात घुसलो. पुढे मीच होते, मागून ढकलत ढकलत मला पुढे आणलेलं. मनात म्हटलं, आता दिसेल नंजुंडय्या. टेबलामागे एक बाई बसली होती. चाळिशीची, कपाळाला आठ्या, समोर अर्धा खाल्लेला डबा.

"साहेब कुठंयत?" मी हिंदीत विचारलं.

"कौन साहब? मैं ही हूँ."

"नंजुंडय्या?"

"वो तो दो साल पहले गए."

तो फळा रंगवणारा पुन्हा आलाच नव्हता. तिचं नाव त्यावर नव्हतंच.

बायका ओरडायला लागल्या. मलाही ओरडायचं होतं, नऊ दिवसांचं ओरडणं साठलेलं होतं. पण काय झालं सांगते. दीड वर्षाची सवय. माझी नजर आधी टेबलाखाली गेली, गुडघे बघायला. तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. पाय घोट्यापासून सुजलेले, पट्ट्याचे वळ उमटलेले. तुम्ही मला शिकवलं होतंत तसं बोट दाबून बघितलं असतं तर खड्डा पडला असता, इतके. शेजारची पार्वती मला चिमटा काढत होती, "बोल की, तोंडात काय धरलंय?" आणि मी पाय बघत उभी. तिनं कुणाला तरी फोन लावला, एकीकडे बायकांना कन्नडमध्ये "स्वल्प, स्वल्प", म्हणजे जरा थांबा, म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी एक टँकर आला. ते आमच्या ओरडण्यानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

त्या रविवारी मी तुमच्याकडे आले. राउंड शेवटच्या खाटेशी आला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"मी नाही करणार," मी म्हटलं.

सगळ्यांना वाटलं, नऊ दिवस पाणी नव्हतं म्हणून रागावलीय. तुम्हालाही तेच वाटलं. खरं तर मला ते नाव पुन्हा तोंडातून काढायची लाज वाटत होती. आणि चूक कबूल करायची त्याहून जास्त. म्हणून मी वाद उकरून काढला. "नाव कशाला लागतं? पाण्याचे इंजिनिअर म्हटलं की झालं. देवाला कळत नाही का कोण ते?"

"देवाला तर सगळंच कळतं. मग तू तोंड कशाला उघडतेस? घरी बस."

"माणसं बदलतात सिस्टर. खाट तीच राहते. खाटेसाठी करावी."

"खाटेला गुडघे असतात का?"

कुणीच हसलं नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले, चहा टाकायला. तुम्ही आमेन झाल्यावर मागून आलात. मला वाटलं, आता ऐकवणार. तुम्ही साखरेचा डबा उगाच उघडलात, लावलात. मग बोललात. आपली तीच शेवटची भेट म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

"बावीस वर्षांची होते. बारा नंबरच्या खाटेला दुखणं थांबायचं इंजेक्शन द्यायचं होतं. बारा आणि तेरानं खिडकीसाठी आपसांत जागा बदलल्या होत्या. मी नाव विचारलं नाही. खाट बघितली आणि टोचलं."

मी चिमटा खाली ठेवला. "मग? मेला?"

"कशाला मरतोय. झोपला मस्त दुपारभर. त्याची मी माफी मागितली, त्यानं हसून सोडलं." तुम्ही डबा पुन्हा उघडलात. "पण ज्याचं इंजेक्शन होतं तो सकाळपासून दुपारपर्यंत दात आवळून पडून होता. मला हाक पण मारली नाही. त्याला वाटलं, सिस्टर कामात आहे, येईल. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लागली. त्याची माफी राहिली ती राहिलीच."

चहा उतू गेला. तेव्हाच सांगायचं होतं, सिस्टर. तुम्ही स्वतः दार उघडून दिलं होतंत. मी नुसतं म्हणायचं होतं, "मीही तेच केलंय." पण मी शेगडी पुसत बसले. तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी कर. राग उतरू दे." आणि पुढच्या रविवारी मी घरी पाहुणे आलेत असं खोटंच कळवलं. मंगळवारी एका फ्लॅटात, नागपूरच्या मॅडमकडे, पोळ्या लाटत होते तेव्हा भाचीचा फोन आला. मॅडमनी तव्याखालचा गॅस बंद केला, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. रिक्षा मी बुक करते."

मला एवढंच कळेना, की तुम्ही जाताना माझ्याबद्दल काय समजून गेलात. एका इंजिनिअरवरचा राग जिला सोडवला नाही अशी बाई? त्यापेक्षा चुकलेली आणि गप्प बसलेली बाई परवडली असती. निदान ती तुमच्यासारखी तरी झाली असती.

आणि दुसरं भय याहून मोठं. झोपायला आडवी झाले की यायचं. त्या नऊ दिवसांत जी खुर्चीत होती तिच्यासाठी आपण एकदाही मागितलं नव्हतं. माझ्यामुळे. हे रोहनला बोलले तर तो म्हणाला, "ताई, शहरातच पाणी नाहीये, त्याचा आणि याचा काय संबंध?" शिकलेला आहे, बरोबरच असेल. तुम्ही काय म्हणाला असतात?

मागच्या सोमवारी मी पुन्हा त्या ऑफिसात गेले. एकटी. दारात शिपाई होता, त्याला आधी नंजुंडय्यांचं विचारलं. राहवेनाच. दीड वर्षाचा माणूस आहे तो माझा.

"ते रिटायर झाले की. का?"

"त्यांचे गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? रोज सकाळी पार्कात पळतात. साठी उलटली, तरी आमच्यापेक्षा फास्ट."

सिस्टर, मी तिथंच पायरीवर बसले आणि हसायला लागले. तुम्ही म्हणाला असतात, "बघ, बरे झाले!" आणि रोहन म्हणाला असता, आधीपासूनच बरे होते. यातलं खरं कोणतं, कुणाला विचारायचं? मी त्या पायरीवर बसून खूप विचार केला. आपण मागतो ते जातं कुठं? पत्ता चुकला तर परत येतं, की वाटेत जो भेटेल त्याला मिळतं? मला खरंच जाणून घ्यायचंय. तुम्हाला आता माहीत असणार, आणि आता सांगता येत नसणार. हे काही बरं नाही.

मग आत गेले. इंजिनिअर मॅडमनी मला ओळखलं, त्या दिवशी सगळ्यात पुढे होते ना.

"अब क्या कंप्लेंट है?"

"कंप्लेंट नाही मॅडम. तुमचं नाव पाहिजे."

"किसलिए? ऊपर लिखके देना है?"

वर. मी म्हटलं, हो, एका अर्थी. मग घाबरून पटकन सांगून टाकलं. की आम्ही काही माणसं रविवारी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, तुमचं नाव फळ्यावर नव्हतं म्हणून तुम्ही राहिलात, चूक माझी आहे, माफ करा. माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. तिला निम्मं कळलं असेल. मग तिनं एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, माझ्यासाठी कन्नड नाही, हिंदी अक्षरांत. चिठ्ठी देताना विचारलं, "मांगते क्या हो उधर?"

"तुमच्या पायांचं," मी म्हटलं.

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. लहान मुलीसारखे. मग म्हणाली, "बेटे के एग्जाम का भी बोल देना." तिचं नाव मी इथे लिहीत नाही. केसपेपर चारचौघांत वाचत नाहीत, तुमचाच नियम.

आता आजचं. तुम्ही गेल्यावर दोन रविवार राउंड झालाच नाही. गीत व्हायचं, शास्त्रपाठ व्हायचा, आणि मग सगळे तुमच्या वेताच्या खुर्चीकडे बघून चहाला उठायचे. आज मी उठले, पण चहाला नाही. म्हटलं, "उभे राहा. राउंडला बसून जात नाहीत." आणि कुणी उभं राहायच्या आत सगळं सांगून टाकलं. फळा, चहावाला, गुडघे, मॅडम, आणि मी तुमच्यापासून लपवलं तेही.

मग दावीदअण्णा म्हणाले, "म्हणजे लसणीचं तेल मी कुणाला सांगितलं गं?" रोहन आधी हसला, मग सगळे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मीही हसत होते. मग पहिल्या खाटेपासून सुरू केलं. रोहननं घसा घेतला. मी खिडकीकडे बघितलं, उघडी होती, राहू दिली. शेवटच्या खाटेशी आल्यावर मी चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि पाय मागितले, मुलाची परीक्षा मागितली. एवढंच. पाणी मागितलं नाही. ते तुमच्या नियमात बसत नाही आणि ते मागायला आम्ही घागरी घेऊन जाऊच.

आमच्याकडे अजून तीन दिवसांनीच येतं, सिस्टर. ते खोटं सांगणार नाही.

आमेन म्हणून डोळे उघडले तर दावीदअण्णा तसेच उभे. "स्वल्प थांब. आणि त्या नंजुंडय्याचं काय? त्याला आता काढायचं का यादीतून?"

मी विचार केला. यादी माझ्याकडे आहे.

"राहू दे अण्णा," मी म्हटलं. "साठी उलटून रोज पळतोय तो. गुडघे कधीही धरतील."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले, आणि आम्ही पुन्हा डोळे मिटले.